गुलमेंदीतल्या बारा गाद्या

६ जानेवारी २०२५, सोमवार. पुणे

आज सकाळी सव्वाअकरा वाजता, हॉटेल गुलमेंदीच्या हळदीरंगाच्या काउंटरपाशी, शिफा तिच्या मॅडमना म्हणाली, "हा कैफ. माझा दूधभाऊ." या वाक्याच्या आधीचं माझं आयुष्य वेगळं होतं आणि आतापासूनचं वेगळं आहे. म्हणून कॉलेजच्या अर्ध्या कोऱ्या राहिलेल्या अर्थशास्त्राच्या वहीत तारीखवार लिहायला घेतोय.

मॅडमनी विचारलं, "दूधभाऊ म्हणजे गं?"

"मी तान्ही असताना याच्या आईनं मला पाजलंय, मॅडम. आमच्यात एका बाईचं दूध प्यालेली दोघं सख्ख्या भावंडांसारखीच. त्यांचं लग्नसुद्धा चालत नाही."

शेवटचं वाक्य तिनं जरा मोठ्यानं म्हटलं. मागं किल्ल्या लावत उभ्या असलेल्या सुनीललाही ऐकू गेलं.

मी मनात म्हटलं, वा रे पोरी. काय डोकं चालवलंस. आता मी दिवसातून दहा वेळा काउंटरवर गेलो तरी कोण काय बोलणार? भाऊ बहिणीला भेटायचाच. जुन्नरला आमच्या घरांत दोन गल्ल्यांचं अंतर, आणि तिथं हिच्याशी दोन शब्द बोलायचे म्हणजे चार खिडक्या उघडायच्या. इथं तिनं एका वाक्यात सगळ्या खिडक्या बंद केल्या.

मला बघून तिचं तोंड एकदम उतरलं होतं, हेही लिहून ठेवतो. काही लोकांना आनंद झाला की असं होतं.

मी येणार हे तिला माहीत नव्हतं. मॅडमचं, म्हणजे प्रतिभाताईंचं हे हॉटेल. घाटघरला कुणाच्या घरी मुक्कामाला होत्या, तिथं आमच्या अब्बांच्या हातच्या गादीवर झोपल्या आणि म्हणे कित्येक वर्षांची पाठदुखी थांबली. त्यांनी शोध घेत घेत अब्बांना फोन लावला. आमचा धंदा पिंजाऱ्यांचा. कापूस पिंजायचा, गाद्या भरायच्या, उश्या भरायच्या. बारा खोल्या, बारा डबल गाद्या. हॉटेलचं नाव ऐकलं आणि मी उठून बसलो, कारण शिफा गेल्या जुलैपासून तिथंच नोकरीला आहे. कॉलेज सोडल्यापासून मी दाभणाला हात लावला नव्हता. मी म्हणालो, "अब्बा, मी येतो." अब्बांचे डोळे पाणावले. अम्मीला म्हणाले, "बघ, पोराला धंद्याची गोडी लागली."

कॉलेज का सोडलं ते अजून घरात कुणाला नीट कळलेलं नाही. बारावीनंतर ती पुण्याला हॉटेलच्या कोर्सला आली. मी दुसऱ्या वर्षापर्यंत रेटलं. पण ती ज्या बाकावर बसली असती त्या रिकाम्या बाकाकडे बघून माणसानं काय शिकायचं? तिच्या कोर्सच्या वेळी दोनदा पुण्याला येऊन भेटलो. एकदा तिच्या वर्गातला एक शहाणा तिच्या वहीत डोकं घालत होता, त्याच्या कानाखाली वाजवली. त्यानंतर तिचा मोबाईल हरवला आणि नंबर बदलला. नवा मला मिळाला नाही.

दुपारी जिन्यातून पाहिलं, ती मागच्या अंगणात कुणाशी तरी फोनवर बोलत होती, डोळे पुसत. मैत्रिणीला सांगत असणार, तो आला म्हणून.

७ जानेवारी, मंगळवार

हे हॉटेल म्हणजे उरुसातला पाळणा आहे, असं अब्बा म्हणतात. जुना बंगला, पण एक भिंत दुसरीसारखी नाही. खोल्यांना नंबर नाहीत, नावं आहेत. हळद, जांभूळ, मोरपंख, शेंदूर. दारं एका रंगाची, कड्या दुसऱ्या रंगाच्या, जिन्याची प्रत्येक पायरी वेगळी. छताला बांबूच्या टोपल्या उलट्या टांगून त्यात दिवे. अब्बांनी टोपली खालून न्याहाळली आणि म्हणाले, "घाटघरची अंबाबाई हिच्यात कोंबड्या झाकती."

आम्हाला मॅडमनी शेंदूर खोली दिली आहे. अब्बा म्हणत होते, "ताई, आमी गच्चीवर पडू, कापसाची सवय हाय आम्हाला." मॅडम म्हणाल्या, "चाचा, गिऱ्हाईक कुठं झोपणार ते तुम्ही झोपून बघितल्याशिवाय गादी कशी भरणार?" पण आमच्या धंद्यात गिऱ्हाइकाच्या पलंगावर बसतसुद्धा नाहीत. अब्बांनी फरशीवर घरची गोधडी अंथरली. पलंगावर मी झोपलो. मला धंद्याचे नियम लागू नाहीत, मी प्रेमासाठी आलोय.

काम गच्चीवर चालतं. तयार गादी आणून टाकली तर आत जुना कापूस भरला असं कुणीही म्हणेल, म्हणून गादी गिऱ्हाइकाच्या दारात, त्याच्या डोळ्यांदेखत भरायची ही आमची रीत. पिंपरी पेंढारच्या भरतच्या टेम्पोतून पिंजलेल्या कापसाचे गठ्ठे आणले. अब्बा वेताच्या काठ्यांनी तो झोडून पुन्हा मोकळा करतात, मी खोळ धरतो, मग दोघं मिळून भरतो, आणि दाभणानं टाके. पहिल्याच दिवशी माझ्या बोटांना फोड. अब्बा म्हणाले, "वहीतली बोटं हायत. जातील फोड."

पाच वेळा काउंटरवर जाऊन आलो. पाणी, सुतळी, वायफायचा पासवर्ड, पुन्हा पाणी, कात्री. पाचव्या वेळी शिफा म्हणाली, "कैफभाई, तुम्हाला काही लागलं तर खोलीतल्या फोनवरून शून्य दाबा. खाली यायला लागत नाही."

माझ्या पायांची किती काळजी. हल्ली ती मला 'तुम्ही' म्हणते. पुण्याची सवय.

सुनीलकडून एक कळलं. शिफाची सहा महिन्यांची उमेदवारी संपत आली आहे. अठरा तारखेला शनिवारी मॅडम ठरवणार, कायम करायचं की नाही. मला वाटतं नाही झाली तर बरंच. मग जुन्नरला परत येईल.

९ जानेवारी, गुरुवार

सुनीलचं थोबाड मला पहिल्या दिवसापासून आवडलेलं नाही. मंचरचा आहे, म्हणजे आपल्याच बाजूचा, आणि पुणेरी बोलतो. काउंटरवर शिफाच्या वरचा. आज संध्याकाळी सहा वाजता मी गच्चीवरून पाहिलं, शिफा त्याच्या स्कूटरवर मागं बसली आणि दोघं गेले. तिच्या डोक्यावर गुलाबी हेल्मेट. याच्याकडे बायकांचं हेल्मेट कशाला?

मी कात्री टाकून जिना धावत उतरलो, पण सिग्नलपाशी दिवा हिरवा झाला.

पाऊण तासानं तो परत आला तेव्हा गेटवरच स्कूटरची किल्ली काढून घेतली.

"कुठं सोडलंस तिला?"

"अहो भाऊ, हॉस्टेलवर. त्यांची बस चुकली. माझ्या रस्त्यातच आहे, बायकोला दवाखान्यातून घ्यायचंय, तिची फाइल इथंच राहिली म्हणून परत आलो. सातवा महिना आहे तिला."

"लग्न झालेला आहेस आणि पोरींना मागं बसवतोस?"

तो हसला. म्हणजे आधी हसला, मग माझं तोंड बघून थांबला. म्हणाला, "तुमची बहीण आहे, काळजी वाटणारच. बरोबर आहे तुमचं. मला पण दोन बहिणी आहेत मंचरला. पुढच्या वेळी तुम्हाला विचारून सोडीन, मग तर झालं? किल्ली द्या राव, बायको उभी असेल."

सगळं हॉटेल मला भाऊ म्हणतं. खालची झाडणारी कोंडाबाई आज म्हणाली, "नशीब काडलं पोरीनं, असा पाठीराखा भाऊ भेटला." काय उत्तर द्यायचं? शिफाची शक्कल चांगली होती, पण तीच आता माझ्या गळ्यात अडकली आहे. भावाला राग आला तर तो काळजीचा धरतात, मत्सराचा कुणी धरत नाही.

किल्ली दिली. फेकून दिली.

१० जानेवारी, शुक्रवार

नीट लिहिता येत नाही. तरी लिहितो.

जुम्म्याची नमाज झाली आणि मशिदीच्या बाहेर उभं राहून अम्मीला फोन लावला. आम्ही घरात आमची मोडकीतोडकी दखनी बोलतो, पण माझी शाळा मराठी, लिहिणं मराठी, म्हणून सगळं मराठीतच उतरवतोय. मी आपला मजेत सांगितलं, "अम्मी, शिफानं इथं काय उडवून दिलंय माहितीये? म्हणे तू तिला दूध पाजलंस. सगळे मला दूधभाऊ म्हणतात." वाटलं, हसेल. मागं शिवणाचं मशीन चालू होतं ते थांबलं.

मग म्हणाली, "उडवलं न्हाई तिनं. खरंय ते."

"काय खरंय?"

"शिफा झाली तवा तिच्या आईला, रुबिनाला, काविळ झाली व्हती. तिला पुण्याला नेलं. पोरगी माझ्यापाशी व्हती अकरा दिस. मी पाजलं तिला. तू तवा सव्वा वर्षाचा. अजून पीत व्हतास."

"आणि हे मला आज सांगतेस?"

"सांगायची येळ आली न्हाई, म्हणून."

"बावीस वर्षं वेळ आली नाही?"

"कैफ, ती तुझी बहीण हाय. आता नजर खाली ठेव. एवढंच ऐक माझं." आणि फोन ठेवला. माझ्या अम्मीनं माझा फोन कधी स्वतःहून ठेवलेला नाही.

गच्चीवर जांभूळ खोलीची गादी भरून तयार पडली होती. मी दाभण घेतलं आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत टराटरा उसवली. कापूस सगळीकडे. शेजारच्या बंगल्याच्या आंब्यावर कापूस, टाकीवर कापूस. अब्बा काठ्या हातात धरून बघत राहिले. त्यांना खोकल्याची उबळ आली. मग काही न विचारता एकेक पुंजका वेचायला लागले.

त्या खोलीचे पाहुणे दुपारी यायचे होते. गादी नाही म्हणून त्यांना तासभर खाली बसवलं, आणि ती बाई काउंटरवर शिफाला वाट्टेल ते बोलली. मॅडम वर आल्या. अब्बा म्हणाले, "माझ्या हातनं उसावली, ताई. नजर ऱ्हायली न्हाई पयल्यासारखी." अब्बांच्या हातची गादी उसवली, असं जुन्नरमध्ये कुणी म्हणालं तर अब्बा त्याच्या घरी पाणी पिणार नाहीत.

मग मी शिफाला जिन्यात गाठलं. "तुला माहीत होतं?"

"हो."

"मग मला सांगितलं का नाहीस?"

"मी तुम्हाला किती दिवस भाई म्हणतेय, कैफभाई?"

"ते सगळेच म्हणतात."

ती म्हणाली, "मला खाली जाऊ द्या. त्या बाईंना चहा पाठवायचाय."

१२ जानेवारी, रविवार

दोन दिवस कामाला हात लावला नाही. अब्बा एकटेच भरतायत. वरून काठ्यांचा आवाज येतो आणि खोकल्याचा.

जवळच्या मशिदीतल्या मौलानांना जाऊन विचारलं. किती घोट, किती दिवस, काही सूट आहे का. त्यांनी विचारलं, "आई स्वतः सांगते ना? मग बेटा, जिथं शंकेलाही जागा आहे तिथं पाऊल टाकू नये." चांगला माणूस आहे. त्याचाही राग आला.

या शेंदूर खोलीत झोप येत नाही. सकाळी डोळे उघडले की भिंत अंगावर येते. कोण लोक पैसे देऊन असल्या रंगात राहतात? दाराबाहेर पितळी घंटा आहे, खिडकीत मातीचा हत्ती आहे, टेबलावर पाहुण्यांसाठी कोरी पत्रं आणि रंगीत पेन्सिली आहेत. सगळं हसरं. माणसानं इथं दुःखी होऊच नये अशी व्यवस्था. मी पत्रावर तिचं नाव लिहिलं, खाली 'माझी' लिहिलं आणि ते खोडलं. मग पत्र फाडलं.

अम्मीला माफ करणार नाही. बावीस वर्षं मला विहिरीच्या काठावर खेळू दिलं आणि आता म्हणते, पाणी खोल आहे.

१४ जानेवारी, मंगळवार

आज लिहायला बळ आलंय.

संक्रांत म्हणून मॅडमनी सगळ्यांना दुपारी अंगणात जेवायला बसवलं. गुळाची पोळी, भोगीची उरलेली भाजी. शिफा पाहुण्यांना तिळगूळ वाटत होती. माझ्यापाशी आली, वाटी पुढं केली, "गोड बोला" म्हणाली नाही. मी घेतला नाही.

हळद खोलीतल्या म्हाताऱ्या जोडप्यानं अब्बांना मुद्दाम हाक मारून सांगितलं की नवीन गादीवर मस्त झोप लागली. अब्बा खूश. अब्बा खूश झाले की बोलतात. मॅडमनी विचारलं, "चाचा, मुलगा तुमच्यासारखा शांत नाही हो. लहानपणापासून असाच?"

"त्यो शेळीचा गुण हाय, ताई," अब्बा म्हणाले.

"शेळीचा?"

"याच्या बाळंतपणात याची आई टायफॉइडनं आडवी पडली. दूध आलंच न्हाई तिला. एक थेंब न्हाई, कधीच न्हाई. पोरगं रडून रडून निळं पडायचं. घाटघरची अंबाबाई सावरीचा कापूस घिऊन यायची आमच्याकडं, उश्यांसाठी. तिनं ह्याला बघितलं अन् दुसऱ्या दिवशी आपली दुभती शेळी आणून आमच्या दारात बांधली. म्हणली, 'पावणं, दूध तुटल्यावर परत द्या.' दोन वर्सं त्या शेळीवर वाढलाय ह्यो. म्हणून टाळक्यात शिंगं."

सगळे हसले. सुनील तर ठसका लागेपर्यंत. मी हसलो नाही. मी शिफाकडे बघत होतो. तिच्या हातातली वाटी कलली आणि तिळगूळ फरशीवर घरंगळला.

एक थेंब नाही. कधीच नाही. म्हणजे शिफा जन्मली तेव्हाही नाही. अम्मीनं ते अकरा दिवस पाजलं कुठून? हसण्याच्या नादात हे दुसऱ्या कुणाच्या लक्षात आलं नाही.

हे मला आजवर कुणी सांगितलं नव्हतं. पोराला शेळीवर वाढवलं याची अम्मीला लाज वाटत असणार, आणि अब्बांना घरात बोलू कोण देतं? पण बरं झालं. अल्लाहनं अब्बांच्या तोंडून बोलवलं. अम्मी खोटं बोलली. आमच्यामध्ये कसलीही भिंत नाही.

बिचारी शिफा. तिलाही हेच सांगून ठेवलं असणार. तीही वर्षभर हेच ओझं घेऊन फिरत असणार, आणि म्हणून तिचं ते तोंड, ते 'भाई', ते 'तुम्ही'. दुपारपासून मी पुन्हा गच्चीवर आहे. दोन गाद्यांचे टाके घातले. बोटांचं काही वाटत नाही.

१५ जानेवारी, बुधवार

अम्मीला फोन केला. म्हणालो, "शेळीचं नाव काय होतं?"

ती समजली. "तुझ्या अब्बाचं तोंड," एवढंच म्हणाली.

"खोटं बोललीस."

"बोलले."

"दुधाच्या नात्याबद्दल खोटं? तू? पाच वेळच्या नमाजी बाईनं?"

"बोलले म्हणलं ना. अल्लाहला जवाब मी दीन. अन् परत इचारलंस तर परत हेच बोलीन."

"का पण?"

ती म्हणाली, "त्ये मला नको इचारू. तिलाबी नको इचारू. काम झालं की अब्बाला घिऊन घरी ये. मी खिमा करते."

खिमा. म्हणजे मी सहा वर्षांचा आहे.

मला सगळं कळलं आहे. रुबिना खालांना जावई इंजिनियर पाहिजे, नाहीतर दुबईचा पाहिजे. पिंजाऱ्याचं कॉलेज सोडलेलं पोरगं नको. त्यांनीच अम्मीकडून हे वदवून घेतलं. दोन बायकांनी बसून आमचा फैसला केला, आणि आम्हा दोघांना अंधारात ठेवलं. शुक्रवारी काम संपतंय. शुक्रवारी शिफाला सांगणार. ती रडेल. रडू दे. आनंदाचं रडणं मी अजून पाहिलेलं नाही.

१७ जानेवारी, शुक्रवार. वाकडेवाडी स्टँड, दुपारी

जुन्नर गाडीला अजून अर्धा तास आहे. अब्बा सामानाबरोबर टेम्पोतून पुढं गेले. मी म्हणालो, मी एसटीनं येतो. गुडघ्यावर वही ठेवून लिहितोय. सगळं जसंच्या तसं लिहितो, काही वगळत नाही.

शेवटची गादी मोरपंख खोलीची. सकाळी अब्बा आणि मी ती खाली आणून पलंगावर टाकली. अब्बा भरतला टेम्पो लावायला सांगायला गेले. शिफा हातात यादी घेऊन आली, खोली तपासायला. शिवण बघितली, कोपरे दाबले, यादीवर खूण केली. खोली निळीहिरवी, पडदे निळेहिरवे, तिची ओढणी हॉटेलची, तीही तशीच.

मी म्हणालो, "शिफा, एक सांगायचंय. अम्मीनं तुला कधी पाजलेलंच नाही. ती खोटं बोलली. दूधभाऊ वगैरे काही नाही. आपण मोकळे आहोत."

तिनं यादी खाली केली. रडली नाही.

"मला माहीत आहे," ती म्हणाली.

"परवा अब्बा बोलले तेव्हा कळलं ना?"

"नाही. आधीपासून." आणि मग म्हणाली, "मी सांगते, पण तुम्ही मध्ये बोलू नका. एकदा तरी."

मी बोललो नाही. ती उभ्या उभ्याच सांगत होती.

"तुम्ही माझ्या वर्गातल्या मुलाला मारलंत. त्याच्या कानाचा पडदा फाटला. मला प्रिन्सिपलनी बोलावलं, माझं नाव काढून टाकणार होते. मी तुम्हाला त्याआधी तीन वेळा सांगितलं होतं की माझ्या मनात तसं नाही. एकदा जुन्नरच्या स्टँडवर, एकदा फोनवर, एकदा माझ्या मैत्रिणीच्या, सलमाच्या लग्नात. तुम्ही प्रत्येक वेळी हसलात. मग गेल्या मे महिन्यात मी तुमच्या अम्मीकडे, गुलशन खालांकडे गेले. त्या उशी भरत होत्या. मी सगळं सांगितलं. त्या भरत राहिल्या, भरत राहिल्या, उशी फुटेल इतकी भरली. मग म्हणाल्या, 'माझ्या पोराला नकार ऐकू येत न्हाई. पण अल्लाहची बंदी ऐकू येईल त्याला. मी सांगू का त्याला, की तुला मी पाजलंय? मग त्यो तुझ्याकडं मान वर करून बघणार न्हाई. गुनाह माझ्या अंगावर.' मी नको म्हटलं. म्हटलं, खाला, माझ्यासाठी एवढं नको. पण त्या दिवशी तुम्ही काउंटरसमोर उभे राहिलात आणि माझ्या तोंडून ते निघून गेलं. दुपारी मी त्यांना फोन करून सांगितलं. त्या म्हणाल्या, 'बरं केलंस. आता माझ्याकडं सोड.'"

मी म्हणालो, "तुला जबरदस्तीनं कुणी बोलायला लावलं असेल तर..."

"बघा," ती म्हणाली. "अजून ऐकू येत नाहीये."

मला तेव्हा काय झालं ते लिहितो. डोळ्यांपुढं रंगच रंग आले, सगळ्या बारा खोल्यांचे. मी पुढं सरकलो. ती मागं सरकली नाही, पण तिनं यादीचं पॅड छातीशी धरलं. शाळेतली पोरगी दप्तर धरते तसं. मी म्हणालो, "मी आत्ता खाली जातो. मॅडमना सांगतो, सुनीलला सांगतो. तुमची शिफा पहिल्या दिवसापासून तोंडावर खोटं बोलतेय. उद्या तुझं कायम होण्याचं पत्र आहे ना? मग बघ, मिळतं का."

मला वाटलं हात जोडेल.

"सांगा," ती म्हणाली. "मी अडवणार नाही. खरं तेच सांगाल तुम्ही. मी खोटं बोललेच आहे."

पॅड सोडलं नाही, पण म्हणाली.

तेवढ्यात दारात सुनील आला. "शिफा, मोरपंख झाली का? बाराला चेक-इन आहे. अरे, भाऊ पण इथंच? काय, काही अडचण आहे का? खालपर्यंत आवाज येत होता."

सुनील माझ्याकडे बघत होता. शिफा खिडकीकडे. मॅडमची चप्पल जिन्यात वाजत होती, त्याही येत होत्या. मला फक्त तोंड उघडायचं होतं. वाक्य तयार होतं, गेली पाच मिनिटं तेच घोकत होतो.

मी म्हणालो, "अडचण नाही. गादीचं सांगत होतो. महिन्यातून एकदा उलटायची, आणि ऊन दाखवायचं. नाहीतर कापूस एका जागी बसतो. मग ती गादी राहत नाही, दगड होतो."

"लिहून घे गं शिफा," सुनील म्हणाला.

तिनं लिहून घेतलं. खरंच लिहून घेतलं, यादीच्या खाली, एकेक शब्द. माझ्याकडे पाहिलं नाही. मला वाटत होतं एकदा तरी पाहील, ऋण मानून का होईना. नाही पाहिलं. का पाहावं, हे मला अजून नीट सांगता येत नाही, आणि त्याचाच संताप येतोय. मी काही मोठेपणा केला असं कुणी समजू नये. मला आत्ताही परत जाऊन सगळं ओरडून सांगावंसं वाटतंय. जुन्नरच्या गाडीत बसेपर्यंत वाटत राहील. घरी गेल्यावर अम्मी ताट वाढेल तेव्हा मी जेवेन की ताट भिरकावेन, मला माहीत नाही.

मॅडम दारात आल्या. म्हणाल्या, "झालं का सगळं? किती सुंदर दिसतंय." गादीवर तळवा दाबला. सुनीलनं चादर झटकली. शिफानं तिचं दुसरं टोक धरलं, दोघांनी ती चार कोपऱ्यांना खोचली, आणि माझं तिथं काही काम उरलं नाही.

शिफा पाठमोरी, उशीला अभ्रा घालत म्हणाली, "कैफभाई, जाताना दार ओढून घ्या. एसी लावलाय."

मी दाभण खिशात घातलं, बाहेर आलो आणि दार ओढून घेतलं.